साठ हर्ट्झचं लोखंड, पन्नास हर्ट्झची वीज

जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घुमायला लागला की मालकाला दोन तऱ्हेचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, ट्रान्सफॉर्मर बदलून टाका. दुसरा म्हणतो, जुन्या वस्तूला हात लावू नका, एवढा आवाज असायचाच. बहुतेक वेळा दोघांनीही यंत्राला कान लावलेला नसतो. या लेखातल्या दोघांनी तो लावला आहे, म्हणून त्यांचं भांडण लिहून काढावंसं वाटलं.

दोन्ही बाजू मी एका मामा-भाच्याच्या तोंडी घातल्या आहेत. मामा उंब्रजच्या बाजारपेठेतले जुने रेडिओ मेकॅनिक. मुलार्डच्या 'पाच-दहा' सर्किटवर, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉटच्या जोडणीवर, त्यांचा हात बसला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या मदतीने व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्या व्हॉल्व्हवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. पालच्या खंडोबाच्या यात्रेपासून गावोगावच्या तमाशापर्यंत भोंग्याचे अँप्लिफायर त्यांनी सांभाळले. भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, सुटीला आजोळी आलेला.

टेबलावर डायनाको कंपनीचा स्टिरिओ-७० आहे. फिलाडेल्फियातल्या या कंपनीने तो १९५९ साली बाजारात आणला. घरी जोडायचा संच म्हणूनही तो मिळे, आणि तीन लाखांच्या वर विकला गेला. ईएल-३४ चे चार व्हॉल्व्ह, जीझेड-३४ हा रेक्टिफायर, दर बाजूला ३५ वॉट. वजन चौदा-पंधरा किलो, आणि त्यातलं बहुतेक तीन ट्रान्सफॉर्मरचं: एक विजेचा, दोन आउटपुटचे. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या एका मराठी कुटुंबाच्या घरातून तो कराड तालुक्यात उतरला आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर लिहिलंय ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणून मध्ये एक स्टेपडाउन आहे, २३० चे ११५ करणारा.

चालू केला की तो घुमतो. दुपारी महामार्गावरच्या ट्रकांच्या आवाजात कळत नाही. रात्री दहानंतर शेजारच्या खोलीत ऐकू येतं.

भाचा : मामा, यात वेळ घालवू नका. साठ वर्षांचा ट्रान्सफॉर्मर आहे. पुण्यात चांगला टोरॉइड गुंडाळून मिळतो. जुना काढू, नवा बसवू, सगळे कपॅसिटर बदलू. दोन दिवसांचं काम.

मामा : थांब जरा. हम कुठनं येतोय? स्पीकरमधनं का लोखंडातनं?

भाचा : दोन्हीकडून येत असेल.

मामा : 'असंल' कशापायी म्हणतोस? बगून सांग.

(भाच्याने स्पीकरची वायर काढायला हात पुढे केला आणि मामांनी तो धरला.)

मामा : व्हॉल्व्हचा अँप बिगर लोडाचा चालवायचा न्हाई. ट्रान्झिस्टरवाल्याला चालतंय. हितं स्पीकर सुटला आन् मागनं गाणं चालू ऱ्हायलं, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमदी एवढा दाब चढतो की आत ठिणगी पडती. स्पीकर काढ, पन त्येच्या जागी आठ ओहमचा मोटा रजिस्टर लाव.

भाच्याने पन्नास वॉटचे दोन रजिस्टर लावले. स्पीकर गेले, घुमणं तसंच राहिलं. मग मामांनी लांब पेचकस घेतला, टोक ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर टेकवलं आणि प्लास्टिकची मूठ कानाला लावली. तिथून स्टेपडाउनवर, तिथून पत्र्याच्या चॅसीवर, तिथून वरच्या तपकिरी जाळीच्या झाकणावर. ही पद्धत मोटारींच्या मेकॅनिकांचीही आहे आणि तिच्याइतकं स्वस्त उपकरण अजून निघालेलं नाही.

मामा : तीन जागी बोलतंय. स्टेपडाउन थोडा, हा मोटा लय, आन् झाकन त्येच्या नादाला लागून किरकिरतंय. झाकन काढून ठेव. स्टेपडाउन खाली लाकडी पाटावर ठेव, टेबलाला चिकटू देऊ नको.

एवढ्यानेच निम्मा त्रास कमी झाला. पातळ पत्र्यावर बसलेला जड ट्रान्सफॉर्मर स्वतः घुमतो त्यापेक्षा जास्त पत्र्याला घुमवतो, आणि आपण ऐकतो तो बराचसा पत्रा. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी पैसे खर्च करण्याआधी एवढं जरूर करून पाहावं. पण उरलेला आवाज खरा होता.

मामांनी पुढची पायरी घेतली. बंद करून, भरलेले कपॅसिटर रजिस्टरमधून रिकामे करून (चारशे व्होल्टच्या वर असतात ते, आणि वायर काढल्यावरही राहतात), सातही व्हॉल्व्ह उपसून कापडावर मांडले. मग स्टेपडाउनच्या आधी सिरीज बोर्ड लावला. रेडिओवाल्यांचा हा जुना सोबती: शंभर वॉटचा साधा बल्ब वाटेत बसवलेला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. ट्रान्सफॉर्मरच्या आत चार वेढे एकमेकांना चिकटले असतील, तर काहीही जोडलेलं नसतानाही बल्ब पेटतो. इथे बल्बची तार नुसती लालसर झाली.

मामा : वाइंडिंग धडधाकट हाय. आता सरळ दे.

बल्ब बाजूला करून थेट वीज दिली. एकही व्हॉल्व्ह नाही, एक मिलिअँपिअरचंही ओझं नाही, आणि ट्रान्सफॉर्मर तेवढाच घुमत होता.

भाचा : म्हणजे कपॅसिटरचा दोष नाही, व्हॉल्व्हचाही नाही. नुसतं लोखंड बोलतंय.

मामा : आता कसं ध्यानात आलं.

लोखंड बोलतं ते कसं, हे थोडक्यात सांगतो. चुंबकत्व चढलं की लोखंडाची लांबी अतिशय थोडी बदलते. जेम्स जूलने हे १८४२ मध्ये दाखवून दिलं. चुंबकत्वाची दिशा कुठलीही असो, लांबी त्याच बाजूला बदलते. वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, प्रत्येक आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिगेला जातं, म्हणून लोखंड सेकंदाला १०० वेळा आखडतं-पसरतं. ट्रान्सफॉर्मरचं घुमणं १०० हर्ट्झवर असतं, आणि त्याच्या पटीत २००, ३०० वर. स्पीकरमधून येणारा हम मात्र दोन जातींचा. ५० चा असला तर फिलामेंटच्या वायरी, चुंबकीय गळती नाहीतर आर्थिंगचा फेरा. १०० चा असला तर सुकलेले फिल्टर कपॅसिटर. कानाला हा फरक सवयीने कळतो. ज्याला कळत नाही त्याने आवाजाचं बटण शून्यावर न्यावं: हम गेला तर दोष बटणाच्या आधी, राहिला तर नंतर.

मामा : आता माजं ऐक. बोल्ट आवळू. पन निसते आवळायचे न्हाईत, बोल्टाभोवतीची कागदाची नळी आन् फायबरचे वायसर शाबूत हायत का बगायचं. त्ये फाटले तर बोल्टच एक शॉर्ट वेढा व्हतो आन् गरम व्हतो. सैल स्टॅम्पिंगमदी वॉर्निश सोडू. खाली रबर घालू. एवढं केलं की बास. बाकीचं ऱ्हाऊ दे. गानं चालू झालं की त्ये आवाजाखाली जातंय. ज्यानं ह्यो बनवला त्येला बी ऐकू येतच व्हतं की.

भाचा : इथे मी तुमच्याशी सहमत नाही मामा. गाणं चालू झालं की जातं, असं नाही. कुठलं गाणं त्यावर आहे.

मामा : म्हंजी?

भाचा : ज्यांचा हा अँप्लिफायर आहे ते काय ऐकतात? ख्याल. पांढरी एकमध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा षड्ज साधारण १३१ हर्ट्झ. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे षड्जाच्या पाऊणपट: ९८. आणि हे लोखंड शंभरावर घुमतंय.

मामा : दोनाचा फरक.

भाचा : सेकंदाला दोन ठोके. पंचम छेडला की तो स्थिर राहणार नाही, हेलकावे खाणार. वरच्या पटीत १९६ आणि २००, तिथे चार ठोके. २९४ आणि ३००, तिथे सहा. जवारी नीट लावलेल्या तानपुऱ्यात तर हे वरचे स्वरच जास्त बोलतात. काळी एक असेल तर पंचम १०४ वर, सेकंदाला चार ठोके. विलंबित सुरू होतं तेव्हा नुसता तानपुराच असतो ना? नेमकं त्याच वेळी खोलीत दुसरा, बेसूर तानपुरा वाजत असतो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. या मुद्द्यावर माझं मत भाच्याच्या बाजूला पूर्ण झुकतं. 'थोडा हम चालतो' हे म्हणणं रॉक संगीताला, भाषणाला, भोंग्याला लागू असेल. आपल्या गाण्यात आधार म्हणून एक अखंड स्वर धरलेला असतो, आणि हम हाही अखंड स्वरच आहे, फक्त महावितरणने लावलेला. तो गायकाच्या पट्टीत येण्याचं काही कारण नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर एकेका तानपुऱ्याची जवारी घासण्यात तासन् तास घालवतात. ऐकणाऱ्याने त्या कष्टांवर शंभर हर्ट्झचं ओझं का ठेवावं?

मामा : तुजं हे बरोबर हाय. मी कवा ह्या अंगानं ऐकलं न्हाई. मग वॉर्निश, रबर करूनच बगू.

भाचा : करू. पण मूळ रोग तो नाहीच. ११७ ला ६० ने भागा.

मामा : एक पूर्णांक पंच्याण्णव.

भाचा : आता इथलं. रात्री शेतीपंप बंद झाले की घरात २४५ व्होल्ट येतात. स्टेपडाउनने त्याचे साधारण १२२ होतात. १२२ भागिले ५०?

मामा : दोन पूर्णांक चव्वेचाळीस.

भाचा : लोखंडातलं चुंबकत्व याच भागाकारावर चालतं. म्हणजे बनवणाऱ्याने धरलं होतं त्याच्या सव्वापट. हा ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतसुद्धा गरम चालण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्यात मुळात शिल्लक कमी. सव्वापट म्हणजे तो दर आवर्तनात संपृक्त होतोय, वीज ओरबाडून घेतोय आणि ओरडतोय. म्हातारपणाचा काही संबंध नाही. नवा कोरा आणला असता तरी इथे असाच घुमला असता.

जुनी परदेशी यंत्रं घेणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच फसतात. व्होल्ट जुळवले की झालं असं धरून चालतात. हर्ट्झकडे कुणी बघत नाही. जपानी यंत्रांचं तसं होत नाही. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ आणि पश्चिमेत ६०, कारण १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. तेव्हापासून तिथल्या कारखान्यांना दोन्हींवर चालेल असंच लोखंड घालावं लागलं. सत्तरच्या दशकातला जपानी अँप्लिफायर १०० व्होल्टच्या स्टेपडाउनवर इथे निवांत चालतो. निव्वळ अमेरिकेसाठी बनलेल्याचं मात्र पाठीमागचं लेबल आधी वाचावं.

मामा : मग व्होल्ट उतरवू. भागाकार तेवढाच आला पायजे ना? ११७ ला पाच गुनून सहानं भाग... साडेसत्त्याण्णव. साडेसत्त्याण्णव व्होल्ट दिले की लोखंड गप.

भाचा : आणि फिलामेंट?

मामांनी लगेच ओळखलं. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडे-तिकडे चालतात. साडेसत्त्याण्णववर ते सव्वापाच होतील. कॅथोड नीट तापणार नाही, व्हॉल्व्ह अर्धपोटी राहील आणि लवकर मरेल.

मामा : ११० द्यायचे. फिलामेंटला पाच पूर्णांक नऊ येत्यात, बसतंय. लोखंडाला?

भाचा : दोन पूर्णांक दोन. मूळच्यापेक्षा तेरा टक्के जास्त. पंचवीसच्या जागी तेरा. आवाज बराच उतरेल.

मामा : आन् जास्तीचा करंट कोन वढतोय त्ये बी बगू. बायसचा सेलेनियम मेला असंल.

इथे म्हातारा हात किती कामाचा असतो ते दिसलं. स्टिरिओ-७० मध्ये बायसचा ऋण दाब देणारा एक छोटा सेलेनियम रेक्टिफायर असतो. वर्षं गेली की तो मंद होतो, बायस घसरतो, चारही ईएल-३४ जास्त करंट ओढतात, आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर ओझं वाढतं. कंपनीने तपासायची सोय पुढच्या बाजूलाच ठेवली आहे: मीटरवर १.५६ व्होल्ट यायला हवेत, म्हणजे जोडीला १०० मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह परत बसवून मीटर लावल्यावर एका बाजूला दोनच्या आसपास निघाले. मामांनी सेलेनियम काढून सिलिकॉन डायोडला डाग दिला आणि बायस १.२५ वर आणला, मुद्दाम कमी, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला चाळीस मिलिअँपिअर. आवाजाच्या गुणात कानाला कळेल असा फरक पडला नाही. ट्रान्सफॉर्मरला हात लावता येऊ लागला.

भाचा : आता फिल्टर कपॅसिटर. मूळ डबा ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरडचा. मी २२० आणलेत.

मामा : पैल्या जागी २२०? अजिबात न्हाई.

भाचा : जेवढा मोठा तेवढा हम कमी, मामा. हिशोब साधा आहे.

मामा : स्पीकरमदला कमी व्हईल. पन मोटा कपॅसिटर थेंब थेंब पीत न्हाई, आवर्तनाच्या टोकाला एकदम घोट घेतो. त्यो घोट आनतो कोन? ह्यो ट्रान्सफॉर्मर. आन् जातो कुठनं? ह्या जीझेड-३४ मधनं. त्येच्या कागदावर लिवलंय, पैला कपॅसिटर ६० च्या वर न्हाई. तू २२० घातलास तर स्पीकर गप व्हईल, लोखंड जास्त वरडंल आन् रेक्टिफायर एक दिवस आत ठिणगी मारंल. पैला ३० च्या जागी ३० नाहीतर ४० ठेव. चोकच्या पुढं काय वाढवायचं त्ये वाढव.

भाच्याने मानलं, आणि मानायलाच हवं होतं. नव्या शिकलेल्यांचा हा नेहमीचा घोटाळा आहे. स्पीकरमधला हम आणि लोखंडातलं घुमणं यांना एकच औषध द्यायला जातात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

यानंतरचं भांडण जास्त कडू झालं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. डायनाकोची वायर दोन पिनांची. भाच्याने ती कापून तीन पिनांची घातली, हिरवी वायर चॅसीला घट्ट बोल्टने आवळली. रेकॉर्ड प्लेअर आणि प्रीअँप जोडल्याबरोबर स्पीकरमध्ये नवा, जाड हम आला.

मामा : बगितलंस? पैला नव्हता. आर्थिंग दिलं की ह्ये येतंच. ती पिन सोडून दे. यात्रेत आमी तेच करायचो. मधली पिन काढली की हम गेला.

भाचा : आणि चॅसीला करंट आला तर?

मामा : इतकी वर्षं कुनाला लागला न्हाई.

भाचा : तुमच्या हाताखालच्या यंत्रांना लागला नाही मामा, कारण तुमचं काम चोख होतं. या ट्रान्सफॉर्मरमधला कागद आणि कापड साठ वर्षांचं आहे. सव्वापट चुंबकत्वाने ते भाजत आलंय. उद्या आतलं इन्सुलेशन फुटलं तर ही निकेलची चॅसी, हा प्रीअँप, त्या रेकॉर्ड प्लेअरचा दांडा, सगळं जिवंत. आर्थिंग असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर ज्याचा हात दांड्यावर तो फ्यूज.

मामा : यात्रेत मग काय करायचं? हजार मानूस बसलंय, कीर्तनकार उभा हाय, आन् भोंग्यातनं नुसतं भूंऽऽ.

भाचा : ओल्या जमिनीवर अनवाणी उभा आणि हातात लोखंडी माइक. त्याच्याच जिवावर आपण हम घालवतोय.

इथे मी मधला माणूस राहू शकत नाही. हम घालवण्यासाठी आर्थिंग तोडणं ही आपल्याकडच्या मांडवांत, मंगल कार्यालयांत, ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर सर्रास चालणारी गोष्ट आहे. ती करणारा वाईट माणूस नसतो. त्याला कार्यक्रम निभवायचा असतो. पण हमने कुणी मरत नाही. आर्थिंग तोडून मिळालेली शांतता ज्याला हवी आहे त्याने अँप्लिफायर बंदच ठेवावा.

आणि तोडायची गरजही नसते. हम आर्थिंगमुळे येत नाही, दोन वाटांनी आर्थिंग मिळाल्यामुळे येतो. प्रीअँपची एक वाट, अँप्लिफायरची दुसरी, मधल्या शिल्डच्या वायरीने दोन्ही जोडलेल्या. झाला फेरा पुरा, त्यात विजेची गळती वाहते आणि सिग्नलवर चढते. भाच्याने चॅसी आर्थिंगला जशी होती तशीच ठेवली. सिग्नलची जमीन मात्र चॅसीपासून सोडवली आणि दोघांच्या मध्ये दहा ओहमचा रजिस्टर घातला. त्याच्या जोडीला समांतर, मोठ्या करंटचा डायोड ब्रिज. फेऱ्यातला दाब व्होल्टच्या अंशाएवढा असतो, तो रजिस्टरपाशी अडतो. खरा दोष उद्भवला आणि दाब चढला तर डायोड उघडतात आणि करंट सरळ आर्थिंगला जातो. हम गेला, पिन राहिली.

मामांनी ती जोडणी उलटी-सुलटी करून पाहिली. बोलले मात्र वेगळंच.

मामा : ह्ये सगळं खरं, पन भिंतीमदल्या आर्थिंगला आर्थिंग हाय का त्ये आदी बग. उन्हाळ्यात खड्डा सुकला की निस्ती वायर लटकती. कोळसा-मीठ घातलेला खड्डा हाय मागं, त्येला चार बादल्या पानी घाल. आन् तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यायला सांग त्या लोकास्नी.

ही भर भाच्याला सुचली नव्हती.

राहिला ट्रान्सफॉर्मर. वॉर्निश, रबर, ११० व्होल्ट, उतरवलेला बायस, एवढं झाल्यावर दिवसा काही ऐकू येत नव्हतं. रात्री, ट्रक थांबल्यावर, हातभर अंतरावर येत होतं. मामांना ते पुरेसं वाटलं. भाच्याला नाही.

भाचा : तेरा टक्के अजून जास्तच आहे. उन्हाळ्यात परत तापेल. मी म्हणतो टोरॉइड. गळती कमी, आकार लहान.

मामा : टोरॉइडच्या कोअरला सांधा न्हाई, फट न्हाई. विजेत थोडा जरी डीसी आला तर त्यो लगेच बसतो. शेजारच्या घरात हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की ह्यो कोकलाया लागंल.

भाचा : डीसी अडवायला दोन कपॅसिटर आणि चार डायोड पुरतात.

मामा : पुरत्यात. पन एक रोग घालवायला दुसरा आनायचा आन् त्येला तिसरं औषध द्यायचं. ई-आय स्टॅम्पिंगला सांधे असत्यात, त्येला एवढ्या तेवढ्या डीसीचं काय वाटत न्हाई. गुंडाळायचाच असंल तर ई-आयच गुंडाळू, पन्नास हर्ट्झचा, थेट २३० वर. स्टेपडाउनची कटकटच गेली.

हे ऐकून भाचा हसला, कारण जुन्या वस्तूला हात लावू नको म्हणणारे मामा आता नव्यावर आले होते. मामांनी मात्र एक अट घातली: जुना ट्रान्सफॉर्मर उलगडायचा नाही. वायरींना चिठ्ठ्या बांधून, वॉर्निश केलेला तसाच मालकाला परत द्यायचा, आणि चॅसीला एकही नवं भोक पाडायचं नाही. यंत्र कधी परत साठ हर्ट्झच्या देशात गेलं तर अर्ध्या तासात मूळचं करता आलं पाहिजे. मला ही अट फार योग्य वाटते. जुनं यंत्र जपणं म्हणजे त्यातला दोष जपणं नव्हे, आणि भाच्यालाही परतीची वाट बंद करायची नव्हती.

मग रिवाइंडिंगवाल्यासाठी कागद झाला. आपल्याकडे व्होल्टमागे वेढे काढायचा जुना ठोकताळा आहे: ४५ भागिले कोअरचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. त्यात चुंबकत्व एक टेस्लावर राहतं. अमेरिकन साठ हर्ट्झवर आणि सव्वा टेस्लावर चालवायचं म्हटलं तर तोच आकडा ३० वर येतो. तांबं वाचतं, लोखंड वाचतं, आणि इथे येऊन ते लोखंड ओरडतं. वेढे तेवढेच ठेवायचे तर क्षेत्रफळ दीडपट लागेल.

मामा : स्टॅक दीडपट घ्यायचा. स्टॅम्पिंग तेच, उंची जास्त. पट्टी लाव, झाकन बसतंय का बग.

भाचा : नाही बसलं तर?

मामा : न्हाई बसलं तर झाकनाखाली फेरूल घालून उचलायचं. चॅसी कापायची न्हाई.

भाचा : प्रायमरी २३० लिहितो.

मामा : २३०, २४०, २५०. तीन टॅप. आन् चालवायचा अडीचशेवर.

भाचा : मामा, २५० रोज येत नाही. फिलामेंटला कमी पडेल.

मामा : रात्री ऐकनार हायत ना त्ये? मग रात्रीच्या दाबाचा हिशोब कर. दिवसा २३० असंल तवा फिलामेंटला पाच पूर्णांक आठ येईल. चालतंय.

भाच्याने मीटर काढून दिवसाचं माप घेतलं. २२६ निघाले. त्याने कागदावर २४० ला गोल केला, मामांनी तो खोडून २५० ला केला, आणि शेवटी तिन्ही टॅपच्या वायरी बाहेर काढून त्यावर एक फिरता स्विच बसवायचं ठरलं. स्विच मात्र चांगला, पोर्सिलीनचा, असं मामांनी खाली वेगळं लिहून दिलं.